पाठमोरा प्रश्न

"तुमचं मन तिच्यावर बसलंय का?"

विचारलं...! अखेर तिने विचारलं! कितीतरी दिवस घशात रुतून बसलेला तो काटा आज नळाच्या धारेखाली बशा धुता धुता आपोआप बाहेर पडला, आणि पडल्यावर तिचे हात पाण्यातच थिजले.

तो स्टुलावर उभा होता. पाठमोरा. स्वयंपाकघरातल्या कपाटाची सैल झालेली बिजागरी आवळत होता. ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. ती पाठ आता दचकेल, वळेल, "काय बोलतेस हे!" म्हणून खेकसेल... रागावला असता तरी चाललं असतं. दोन शब्द बोलला असता तर तिने आयुष्यभराची श्रद्धा त्या दोन शब्दांवर ओवाळून टाकली असती!

पण पाठ हलली नाही. स्क्रू फिरत राहिला. एक आवळून झाला, त्याने दुसरा घेतला. तोही आवळला. दाराला तळवा लावून ते दोनदा उघडलं, मिटलं, समाधानाने मान हलवली आणि खाली उतरून तिच्याकडे वळला तो हसतमुखाने!

"झालं! आता नाही कुरकुरणार. चहा टाकतेस?"

इतकं सहज? बायको असा प्रश्न विचारते आणि माणूस चहा मागतो? नाकारायलासुद्धा ज्याची जीभ उचलत नाही, त्याच्या मनात काय असतं ते सांगायला आणखी कोण हवं? तिने कप काढायला कपाट उघडलं. दार पहिल्यासारखंच कुरकुरलं. ज्याला वर्कशॉपात सगळे 'डॉक्टर' म्हणतात, जो इंजिनाला सळई टेकवून सळईला कान लावतो आणि आतलं दुखणं सांगतो, त्याला घरच्या दाराची कुरकूर कळू नये! चित्त घरात असेल तर ना!

'ती' म्हणजे दुसरीतिसरी कुणी असती तर दुःख निम्मं झालं असतं. पण ती होती मास्तरीण! शाळेच्या पहिल्या बाकावरची तिची मैत्रीण. मास्तरीण हे नाव तेव्हाच पडलं, कारण ही कुणाचीही चूक फटकन तोंडावर दाखवायची, आणि पुढे खरोखरच ती वाचा-केंद्रात मास्तरीण झाली. ज्या मुलांना ऐकू येत नाही, ज्यांची जीभ अडखळते, त्यांना बोलतं करायची. लग्नाच्या दिवशी पंधरा जणी "किती गोड दिसतेस" म्हणत होत्या, तेव्हा हिनेच कानाशी येऊन सांगितलं होतं, "धास्तीबाई, डावं काजळ गालावर उतरलंय. रडायचंच असेल तर दोन्ही डोळ्यांनी रड." आपल्या सखीला ती धास्तीबाईच म्हणायची. लेकीला एक शिंक आली की थर्मामीटर शोधणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार! आणि दोघींचा लहानपणापासूनचा एकच करार... आपल्यात पडदा नाही. कडू असलं तरी खरं.

मग हा पडदा कधी पडला?

मास्तरीण घरी आली की तो हातातलं काम टाकून तिच्या समोर बसू लागला. शेजारी नाही, अगदी समोर! ती बोलू लागली की त्याची नजर तिच्या ओठांवर खिळायची. डोळ्यांत नव्हे हो, ओठांवर! बायकोने चार वाक्यं बोलावीत तर हा "हं, हं" करून भलतीकडे पाही, आणि मास्तरीण साधं "पंखा वाढव" म्हणाली तरी ते शब्द चांदण्यासारखे पिऊन घेई. बायकोला वाटे, आपलं बोलणं म्हणजे याला वाहत्या नळाचा आवाज. असला काय, नसला काय.

सासूबाई कोपऱ्यातून हसायच्या. "अगं, याचा बापही असाच! हाक मारून मारून माझा घसा बसायचा. या घराण्यातल्या पुरुषांना बायकांचं ऐकूच येत नाही, सूनबाई. शेवटी शेवटी तर ते नुसते भिंत झाले होते, भिंत!" मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "पण लोणी विस्तवाजवळ फार ठेवू नये हो. मी आपलं बोलून ठेवते."

आणि तीन वर्षांची चिऊ! पोटचा गोळा, पण तीसुद्धा फितूर! मावशी आली की चिऊला आई आठवत नसे. मावशीचे खेळही विचित्र. चिऊच्या पाठीमागे जाऊन किल्ल्या वाजव, कागद चुरगाळ, हळूच कुजबुज... आणि चिऊ गर्रकन वळून खिदळत तिच्या गळ्यात! बापाशी तर तिचं आणखी एक लाडिक चाललेलं असे. काही सांगायचं झालं की दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरायची, तोंड आपल्याकडे वळवायचं आणि मगच बोलायचं. आईशी मात्र खुशाल पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून, तोंडात घास घेऊन! हे लाड आपल्या वाट्याला का नाहीत? या घरातलं सगळं प्रेम दुसऱ्यांकडेच तोंड करून का बसलंय?

तरी ती गप्प राहिली असती. पण काल चिऊचा राहिलेला स्वेटर आणायला ती केंद्रात गेली आणि खोलीच्या दाराला असलेल्या काचेतून तिला ते दिसलं. आत तो होता, वर्कशॉपच्या कपड्यांत. समोर मास्तरीण. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मास्तरणीचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता... कुजबुजसुद्धा नाही! तो त्या मुक्या ओठांकडे प्राण डोळ्यांत आणून पाहत होता. मग ती काहीतरी ठामपणे म्हणाली, त्याने मान हलवली, आणि तिचे दोन्ही हात धरून त्यावर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे गदगदत होते. तो रडत होता! आपल्या बापाच्या तेराव्यालाही जो रडला नव्हता, तो परक्या बाईच्या हातांवर...!

स्वेटर तिथेच राहिला.

आणि आज प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. चहा.

चिऊला सासूबाईंपाशी सोडून ती तडक केंद्रात गेली. बाहेरच्या खोलीत बाकांवर आया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या हातात डबा. मास्तरीण दारातून पुढच्या मुलाचं नाव पुकारत होती. सखीला पाहून तिचा चेहरा उजळला.

"अगं, धास्तीबाई! स्वेटर विसरलीस ना? ये, बस..."

"स्वेटर ठेव तुझ्याकडे. माझं पुष्कळ काही ठेवून घेतलंयस, त्यात तेही राहू दे."

बाकांवरची कुजबुज थांबली. मास्तरणीने डोळ्यांनीच आत यायची खूण केली, पण आता धरण फुटलं होतं.

"आत कशाला? आत काय चालतं ते काल काचेतून पाहिलंय मी! दुसऱ्यांच्या लेकरांना बोलायला शिकवतेस आणि दुसऱ्यांच्या नवऱ्यांना काय शिकवतेस गं? ओठ दाखवतेस नुसते?"

मास्तरणीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिने मान खाली घातली नाही.

"मी तुझ्याशी खोटं कधी बोलले नाही," ती सावकाश म्हणाली. "आजही बोलणार नाही. पण जे सांगायचं आहे, ते माझं नाही. मी वचनात आहे."

"म्हणजे आहे काहीतरी!"

मास्तरणीला तेव्हा 'नाही' म्हणता आलं असतं. एका शब्दाने सगळं झाकलं गेलं असतं. पण झाकणाऱ्यांतली ती नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "तू समजतेस ते नाही. पण आहे. त्याला विचार."

"विचारलं! आज सकाळीच विचारलं. एक शब्द बोलला नाही तो! याहून मोठी कबुली कोणती?"

मास्तरीण चमकली. पुढे झाली. "कसं विचारलंस? समोर उभी राहून विचारलंस का? त्याच्या तोंडाकडे बघून?"

"वा गं वा! म्हणजे माझ्याच नवऱ्याला प्रश्न कसा विचारायचा, तेही आता तूच शिकवणार?" तिच्या डोळ्यांतून अंगार आणि पाणी एकदमच बाहेर आलं. "आपल्यात पडदा नाही म्हणायचीस ना? आज मीच टाकते. तू मला मेलीस, मास्तरणी!"

मागे कुणाचा तरी डबा खाली पडला. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की दारात उभी असलेली मास्तरीण तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती आणि बाकावरची एक आई मुलाचा हात धरून मुकाट्याने उठून चालली होती.

त्यानंतरचे दिवस म्हणजे विस्तवावरून चालणं. मास्तरीण घरी यायची थांबली. तो अधिकच गप्प झाला. एकदोनदा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, "ऐक ना, मला तुला काही..." असं म्हणालाही. पण ती तोंड फिरवून कामाला लागायची, तोंड फिरवूनच काहीतरी जहरी बोलायची, आणि तो केविलवाण्या नजरेने तिच्या फिरलेल्या तोंडाकडे पाहत राहायचा. तिला वाटे, बघा, तोंड वर करून उत्तर द्यायचीही लाज वाटते!

शेवटी रविवारी सकाळी तिने बॅग काढली. आईकडे जायचं, चिऊला घेऊन, कायमचं. चिऊचे मोजे, चिऊचा चमचा, थर्मामीटर... एकेक वस्तू ठेवताना आतडं तुटत होतं. बाहेर दारासमोरच्या पायरीवर तो बूट घासत बसला होता. पाठमोरा. चिऊ घरातून नाचत गेली.

"बाबा, भूभू आला!" ती म्हणाली. मग जणू हे म्हणणं मोजायचंच नसतं अशा सहजपणे पायरी उतरली, वळसा घालून त्याच्या पुढे गेली, दोन्ही हातांनी हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि पुन्हा म्हणाली, "बाबा, भूभू आला!"

"आला? कुठंय? चल दाखव!" तो हसला.

बॅगेची चेन अर्ध्यात थांबली.

चिऊ आजीची हनुवटी कधी धरत नाही. आईची धरत नाही. मावशीची नाही. ज्यांच्याशी पाठीमागून बोललं तरी चालतं, त्यांची कुणाचीच नाही...

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "अहो," ती हळू म्हणाली. चिऊने वळून पाहिलं. त्याने नाही. "अहो, ऐकलंत का?" आता मोठ्याने. रस्त्यावरून चाललेल्या बाईने मान वळवली. त्याचा ब्रश बुटावरून तसाच फिरत होता. डाव्या टाचेपासून पुढे, पुढून टाचेकडे.

"अहो... मी जातेय... तुम्हाला सोडून कायमची जातेय..."

ब्रश फिरत होता.

सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. कुरकुरणारं दार... दाराला लावलेला तळवा... ओठांवर खिळलेली नजर... मुका धडा... "समोर उभी राहून विचारलंस का?" आणि सासूबाईंचं हसणं, "शेवटी ते नुसते भिंत झाले होते, भिंत!"

देवा रे! ती एका पाठीला विचारत होती, आणि पाठीच्या मौनावर तिने दोन माणसांना फाशी सुनावली होती!

ती पायरी उतरली. वळसा घालून पुढे गेली. चिऊच्या शेजारी गुडघे टेकून तिने दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं. त्याची नजर लगेच तिच्या ओठांवर आली. तीच नजर, जिच्यासाठी ती इतके दिवस जळत होती! आसुसलेली, घाबरलेली, एकही अक्षर निसटू नये म्हणून श्वास रोखून धरलेली...

"तुमचं मन," ती म्हणाली, "मास्तरणीवर बसलंय का?"

"वेडी आहेस का तू!" तो क्षणात म्हणाला, आणि मग त्याला उमगलं, की आपल्याला कसं विचारलं गेलंय आणि का. हातातला ब्रश खाली पडला. "कधी... कधी कळलं तुला?"

"आत्ता. चिऊने सांगितलं."

तो चिऊकडे पाहत राहिला, आणि मग पायरीवरच सगळं बोलला. आधी बारीक आवाज गेले. पाखरं, दाराची घंटा. मग लहान मुलांचे, बायकांचे. पुरुषांचे जाड आवाज अजून कळत होते, इंजिनाची धडधड हाताला लागत होती, म्हणून वर्कशॉपात निभत होतं. तिथे सगळे त्याच्या कानावर जगत होते, 'डॉक्टर'चे कान गेले हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मास्तरीण कानाला यंत्र लाव म्हणत असताना तो नको म्हणत होता.

"माणसांत सगळ्यांत आधी तुझा आवाज गेला गं," तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचा आवाज फुटला. "तू एवढं भरभर बोलतेस, हसताना तोंडावर हात धरतेस... मला काही कळायचं नाही. मास्तरीण तुझी नक्कल करायची. लहानपणापासून बघतेय ना तुला! 'अहो, ऐकलंत का?' तुझ्यासारखीच मान वेळावून, आवाज न काढता. मला जगाचे ओठ नव्हते वाचायचे. तुझे वाचायचे होते."

ती रडत होती, हसतही होती. मग एकाएकी थांबली. "पण मला का नाही सांगितलंत?"

त्याने नजर चुकवली आणि लगेच परत आणली, कारण नजर चुकवली की तिचं बोलणं चुकत होतं. "बाबांचंही असंच गेलं होतं. म्हणजे रक्तातून येत असेल, तर... चिऊला..." तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला पाहून त्याने घाईने तिचे हात धरले. "ठीक आहे ती! मास्तरीण खेळता खेळता पाहायची. किल्ल्या वाजवून, कुजबुजून. नीट ऐकतेय ती. पण तू एका शिंकेला जेवण सोडतेस, म्हणून मीच तिच्याकडून वचन घेतलं. शेवटचं भेटलो त्या दिवशी ती म्हणाली, 'आता तू सांग, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाहता येत नाही मला.' मी हातापाया पडलो, आणखी थोडे दिवस मागितले..."

काचेतलं ते चित्र! कपाळ टेकवलेले हात!

दुसऱ्या दिवशी ती चिऊला घेऊन केंद्रात गेली. बाहेरच्या खोलीतले बाक अर्धे रिकामे होते. का, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दोघीतिघींनी तिला ओळखून एकमेकींना कोपर मारलं. मास्तरीण दारात आली आणि थबकली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठ घट्ट मिटलेले.

धास्तीबाई पुढे झाली. आवाजच फुटेना. ओठ तेवढे हलले, "चुकले..."

मास्तरीण तिच्या ओठांकडे पाहत राहिली.

"आवाज कुठंय?" ती म्हणाली. "मला ऐकू येतं, बाई. शिव्या दिल्यास तेव्हा घसा चांगला होता."

बाकावरची एकजण फिस्सकन हसली. आणि धास्तीबाईचा आवाज फुटला.

"चुकले!" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बायांनो, ऐका! त्या दिवशी मी हिच्यावर जो आळ घेतला, तो खोटा होता. हिने माझ्या माणसाचं दुखणं झाकलं, त्याचा विश्वास राखला, आणि मी माझ्या मनातली घाण हिच्या तोंडावर फेकली. तुमची मुलं हिच्याकडे डोळे मिटून सोपवा. मी माझी घेऊन आलेय."

चिऊ एव्हाना मावशीच्या पायांना बिलगलीच होती. मास्तरणीने दोघींना आत घेतलं, दार लावलं आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहत उभी राहिली.

"एका बाबतीत तू चुकली नव्हतीस," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "त्याचे कान त्याचे होते. ते झाकायचं वचन मी द्यावं, हे एक वेळ ठीक. पण चिऊ तुझी आहे. तुझ्या लेकराला तुझ्यादेखत खेळाच्या नावाखाली तपासलं मी, आणि तू चहा करून देत होतीस मला... तेवढा पडदा मी टाकला. त्याबद्दल माफी नाही मागत. तू रागव."

"रागावलेच आहे," ती म्हणाली. "काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण सांगितलं असतंस तर आपण दोघी मिळून जागलो असतो ना गं... ते आता यंत्र लावायला तयार झालेत. मीही शिकणार आहे. हळू बोलायला, तोंडावरचा हात काढायला. शिकवशील?"

मास्तरणीने मान हलवली, पण वळली नाही.

"मास्तरणी... तुझा राग आहे ना माझ्यावर अजून?"

उत्तर आलं नाही. खिडकीतल्या उन्हात ती पाठ तशीच ताठ उभी. पूर्वीची धास्तीबाई असती, तर त्या मौनातून तिने एक अख्खं महाभारत वाचलं असतं. पण पाठीवर काही लिहिलेलं नसतं, हे ती आता शिकली होती. ती वळसा घालून पुढे गेली. आसवांनी भिजलेली ती हनुवटी दोन्ही हातांनी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि तोच प्रश्न पुन्हा, एकेक शब्द सावकाश विचारला.

"हो," मास्तरीण म्हणाली. "थोडा आहे."

आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच धास्तीबाईचा जीव भांड्यात पडला.